मद्रोना

सदाहरित म्हणजे पानं न गळणारं झाड,
असं भूगोलात होतं, मी घोकलंही होतं.
मद्रोनाने ते पुस्तक वाचलेलं नाही.
जुलैत पानं, ऑगस्टात साल, नोव्हेंबरात फळं,
बारा महिने हिरवं आणि बारा महिने सांडतच असतं,
सगळं शेजारच्या आर्ने टॉलेफसनच्या बोटीवर.

"काढून टाक ते," दर उन्हाळ्यात तो कुंपणावरून सांगे,
"ताडपत्री झटकून झटकून माझा खांदा गेला."
मी हो म्हणायचे.
ॲनाकॉर्टेसला आलो त्या वर्षी मी झाडाला
रोज बादलीभर पाणी घालत होते,
तेव्हा यानंच ओरडून थांबवलं होतं:
उन्हाळ्यात पाणी दिलंस तर मरेल!

ऐन ऑगस्टात दुपारी कान दिला तर
साल तडकताना ऐकू येते, मंद आचेवरच्या मोहरीसारखी.
मग ती गुंडाळी होऊन लोंबते
आणि खालून निघतं पिस्त्याच्या रंगाचं
उघडं, नुकतंच अंग.
पेरूसारखं, असं म्हणणार होते.
नाही म्हटलं. याचं याला असू दे.
महिन्याभरात पुन्हा तांबडं होतं ते,
गुळगुळीत.

एकावन्नाव्या वर्षी माझ्या अंगात
कुणीतरी अवेळी बंब पेटवू लागलं.
मीटिंगमध्ये. झोपेत. कांदा चिरताना.
डॉक्टरीण म्हणाली, होतं असं.
एका रात्री दोन वाजता अनवाणी बाहेर आले
आणि खोडाला गाल टेकवला.
गार.
आत कुठेतरी विहीर असावी इतकं गार.
खाडीपलीकडे रिफायनरीची ज्योत जळत होती,
जळू दे म्हटलं.
वळले, तर आर्नेच्या स्वयंपाकघरात दिवा,
खिडकीत तो, हातात दुधाचा पेला.

सकाळी काही बोलला नाही.
दुपारी ताडपत्री झटकता झटकता, माझ्याकडे न बघता:
"सॉल्वेगसुद्धा. तीन उन्हाळे.
तेव्हा कुंपण नव्हतं."

सप्टेंबरात त्यानं बोट हलवली,
गॅरेजच्या पलीकडे, जिथे तिला ऊन लागतं.
का, ते मी विचारलं नाही.

नोव्हेंबरात शेंदरी घोस.
पाखरांनी ठेवली तेवढी ओंजळभर फळं चाखली:
ना आंबट ना गोड, रवाळ,
बिया दातांत बसणाऱ्या.
दुप्पट गूळ घालून मुरंबा केला, एकच बरणी,
ती त्याच्या पायरीवर ठेवून आले.

आठवड्यानं परत आली, धुऊन, पुसून,
आत चिठ्ठी, थरथरत्या अक्षरात:
बिया फार. पुढच्या वर्षी गाळून घे.