पट्ट्या

ऑक्टोबर सरता सरता वेल्टा
कपड्यांचा साबण ओला करते
आणि जुनी बिलं कापायला घेते,
बोटभर रुंद.
रीगा, पाचवा मजला, नदीकडची बाजू;
वाऱ्याला चिमटीएवढी जागा पुरते.

पट्टी साबणावरून ओढायची,
फटीवर टेकवायची, अंगठ्यानं दाबत न्यायची.
शेजारचा ऐनार्स म्हणतो, आता फोमची टेप मिळते.
मिळते. फुकट मिळते का?

मेणबत्ती धरून ती चौकट तपासते.
ज्योत हलली की आणखी एक पट्टी.

एका पट्टीवर आकडा निघाला:
गरम पाणी, सहा घनमीटर.
म्हणजे इमान्ट्स होता तेव्हाचं.
दाढी करताना नळ तसाच वाहता ठेवायचा,
ही स्वयंपाकघरातून ओरडायची.
पुढच्या हिवाळ्याच्या बिलावर दोन.
खाली पेन्सिलीनं, तिच्याच अक्षरात:
‘बचत’.

सहावाली पट्टी तिनं बाजूला ठेवली.
चहा झाला. भांडी झाली.
मग लावलीच,
पलंगावर तो ज्या अंगाला झोपायचा
तिथल्या खिडकीला,
आकडा आत येईल अशी.

पुन्हा मेणबत्ती.
ज्योत जराशी हलली.
तिचाच श्वास असेल.