फोटोत मी आड येतो

चार महिने झाले, वीतभर गाडी उभी राहते आहे
ओसरीतल्या शिलाई मशीनच्या फळीवर.
मशीन दिवाळीपर्यंतच मिळालं होतं.
दिवाळी होऊन गेली.

धड वाढदिवसाच्या बॅनरमागच्या सनबोर्डचं.
एका कोपऱ्यावर कुणाची तरी अर्धी मिशी होती,
ती आतल्या अंगाला घेतली.
इंजिनावरची जाळी चहाच्या गाळणीची,
धुराड्याला गुरांच्या डॉक्टरने टाकलेली सुई,
आणि विंचचा दोर म्हणून
हिंगणघाटच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची तांब्याची तार,
सात पदर, हाताने पिळलेली.

रिव्हेट खसखशीचे.
एकेक दाणा टाचणीवर घ्यायचा, डिंकाच्या थेंबात टेकवायचा,
तोवर श्वास घ्यायचा नाही.
परवा पऱ्हाटीच्या धुराने शिंक आली
आणि डाव्या बाजूचे चाळीस रिव्हेट मुंग्यांना गेले.

शेजारचा प्रज्योत रोज येतो.
"आबाजी, याची तोफ कुठी हाय?"
तोफ नाही रे हिला. ही ओढायची गाडी.
रुतलेला, जळलेला, पट्टा तुटलेला रणगाडा
हिच्या दोराला लागून परत येतो.
"म्हंजे क्रेन."
क्रेन म्हण.
"मंग लढाईत काहून नेता?"
मी त्याच्या हातात चिमटा दिला
आणि पट्ट्याच्या एकशे ब्याण्णव कड्या मोजायला सांगितल्या.

धूळ जमत नव्हती.
वणेची रेती तीनदा चाळली,
पण पस्तीसास एकच्या हिशोबात तिचा कणन् कण धोंडा.
शेवटी चुलीची राख, चिमूटभर हळद, फुंकर.
आपली काळी माती लावलीच नाही.
पावसाळ्यात इथे उतरली असती
तर हिलाच ओढायला दुसरी बोलवावी लागली असती.

फोटो एकच आहे, राजस्थानातला, एकोणनव्वदचा.
गाडीच्या उजव्या अंगाला मी,
कमरेवर हात, छाती पुढे, वय सव्वीस.
नेमका तिथेच, जिथे हत्यारपेटी होती.
पेटी कशी होती? बिजागऱ्या किती?
कुलूप की खिट्टी?
नऊ वर्षं त्या पेटीत हात घातला मी,
आता डोळे मिटले की दिसतो
तो फक्त माझाच शर्ट.

पेटी अंदाजाने केली.
झाकण सलाईनच्या बाटलीचं, दोन बिजागऱ्या,
बायकोच्या टाचणीची खिट्टी. उघडायची, मिटायची.
गावात कुणी चूक काढली नसती.

तरी कोट्टायमला फोन लावला.
कुंजुमोनला आता ऐकू कमी येतं,
मी ओसरीतून ओरडलो, गल्लीला ऐकू गेलं:
फोटोत माझ्या मागे काय होतं?
"बादली," तो म्हणाला.
बादली कशी?
"झाकण नव्हतं ना पेटीला. तपासणी होती त्या दिवशी.
आधी तू समोर बादली ठेवलीस.
बादली पुरेना, मग तू स्वतः उभा राहिलास."
आणि झाकण?
तो इतका हसला की खोकला लागला.
"पोळ्या कशावर भाजायचो आपण?"

फोन ठेवला.
झाकण काढलं. बिजागऱ्या वाकवल्या,
जशा पहारेने उचकटल्यावर वाकतात.
गोळीच्या चंदेरी पाकिटाची बादली केली,
हरभऱ्याच्या दाण्याएवढी, कडीसकट.
झाकणाला दिव्याची काजळी धरली,
खाली तीन खसखशी मांडल्या चुलीच्या.

आता माणूस करायचा.
त्या हिशोबात मी तुरीच्या शेंगेएवढा भरतो.
गाडीपुढे उभा करणार नाही, हे ठरलं.
बायको म्हणते, तुम्ही बसा नाहीतर उभे राहा,
माझं मशीन मोकळं करा.

तव्याशी बसवीन म्हणतो.
शेंग गुडघ्यात वाकवायची कशी,
एवढंच जमत नाही.