पंचावन्न अंश

अंबडच्या शेडमध्ये दुसऱ्या पाळीला
तीन नंबरचं मशीन गाभण म्हशीसारखं
सावकाश रवंथ करतं.
पोटात ऐंशी जीन्स,
नुकतीच खळ उतरलेल्या, अजून गडद.

पूर्वी दगड घालायचे.
तुर्कस्तानातून पोत्यांनी यायचे, पाण्यावर तरंगणारे,
कापड मार खाऊन खाऊन फिकं पडायचं
आणि गटारात राखाडी गाळ बसायचा.
अशोक गांगुर्डेला दगडू म्हणतात ते तेव्हापासून.
दगड गेले. नाव राहिलं.

आता एक निळा कॅन.
तपकिरी पाणी, शिळ्या ताकाचा वास.
हे जिवंत नाही, दगडू सांगतो,
पण नखरे सगळे जिवंताचे.
पंचावन्न अंशाला पोटभर जेवतं,
साठच्या पुढे रुसतं, गार पाण्यात पेंगतं.
आणि नीळ खात नाही हं ते.
नीळ ज्याला धरून बसलेली असते
ते सूत कुरतडतं, वरवरचं, लवेएवढं.
धरायलाच काही उरलं नाही
की नीळ आपसूक निघते.

चाळीस मिनिटं.
तेवढ्यात मांडीवर सहा वर्षं उमटतात.
न चढलेले जिने, न मारलेली किक,
कुणीही न टेकलेले गुडघे.
मी दिव्याच्या पेटीत नमुन्याशेजारी धरून बघते
आणि लिहिते: अजून चार मिनिटं.

माझ्या भावाची एक आहे अशीच,
सिन्नर फाट्यावर टायर बदलता बदलता झालेली.
तिला सात वर्षं लागली.
तिचा नमुना कुणी मागितला नाही.

उतरवणं सोपं, दगडू म्हणतो,
थांबवणं शिकायला माझे दोन लॉट गेले.
वेळेवर सोडा टाकायचा, पाणी ऐंशीला न्यायचं,
मारायचंच त्याला.
दया केली तर ते
ड्रायरमध्ये, खोक्यात, बोटीवरसुद्धा
गुपचूप खात बसतं,
आणि तिकडे कुणी खाली वाकला
की टर्रकन.

वैशाखात त्याच्या मुलीची हळद होती, पाथर्डी गावात.
बावीस वर्षांची नीळ नखांच्या कडेला, बोटांच्या पेरांत.
त्यानं वाटीत बोटं बुडवली, तिच्या गालाला लावली,
आणि हात मागे घेतला तेव्हा
पेरं हिरवी झालेली.

कुणीतरी हसलं. तोही हसला.
मी सवयीनं
उजेडाकडे वळून बघितलं,
आणि काही लिहिलं नाही.