एका थाळात

परतवाड्याच्या अलीकडे, सापनचा पूल ओलांडला
की डाव्या हाताला संत्र्यांच्या ओळींत दिवे दिसतात.
पाटीवर अरबी वळणाचं मराठी : सलाला मजलिस.
'लि'ची वेलांटी अशी लांब ओढलेली
की तिच्यावर रात्री पिंगळा येऊन बसतो म्हणे.

चपला बाहेर. ते मला सोपं गेलं.
जमिनीवर गालिचे, पाठीला मखमली लोड.
यांच्या गुडघ्यांनी जरा कुरकूर केली,
मग टेकले.

दिवे म्हणजे पामतेलाचे डबे,
खिळ्यानं भोकं पाडलेले, चांदणीच्या नक्षीत.
उजेड यांच्या टकलावर ठिपक्यांनी उतरला
आणि हे कधी नव्हे ते
सणासुदीचे दिसले.

खजुरी म्हणून लावलीत ती आपली शिंदीचीच झाडं,
नाल्याकाठची, मुळासकट उचलून आणलेली.
मधोमध हौद, निळ्या फरशीचा,
त्यात कारंजं, कोरडं.
"लाइन दहाले येते, काकू,
शेतीची लाइन हाय ना," इकराम म्हणाला.

इकरामोद्दीन काझी, सातवी ब,
यांच्या भूगोलात सहा गुण.
नकाशा भरताना अरबी समुद्र
जमिनीत रंगवला होता पोरानं.
मग तोच समुद्र ओलांडून गेला
आणि एकोणीस वर्षं लोकांसाठी भात शिजवला.

मागच्या धुऱ्याशी खड्डा आहे,
त्यात निखारे, वर भात, त्याच्या वर बोकड टांगलेला,
तोंड मातीनं लिंपलेलं.
मला नवल नाही वाटलं.
आमचे रोडगेही गोवऱ्यांच्या राखेतच फुगतात.
खड्डा उघडला तेव्हा मात्र
संत्र्याच्या फुलांचा वास
दोन पावलं मागं सरकला.

आणि थाळ आला. एकच.
बैलगाडीच्या चाकाएवढा.
मी ताट शोधायला इकडंतिकडं पाहिलं.
"एकातच खायाचं असते, काकू.
आपल्या समोरचं आपण."
माझ्या बाजूला नुसता भात, तळला कांदा, बेदाणे, हरभरे.
यांच्या बाजूला हाडं.
मधे बोटभर रिकामी जागा,
आमच्या घरातल्यासारखी.

अडतीस वर्षं यांचं झाल्यावर मी बसते.
कुणी सांगितलं नव्हतं. तसंच होतं.
एका ताटात शेवटचं जेवलो ते मांडवात,
तेव्हा घास गिळत नव्हता आणि बाया हटून बसल्या होत्या
नाव घे, नाव घे.
आज कुणीच म्हणालं नाही.
मीच म्हणाले, घास हातात धरून :

एका थाळात दोन हात, भाताला केशराचा भाव,
अडतीस वर्षांनी बागेत घेते शेषरावांचं नाव.

यांना ठसका लागला.
शेजारच्या गालिच्यावरच्या, बँकेतल्या पोरींनी
टाळ्या वाजवल्या.

मग कहवा घेऊन इकराम आमच्याजवळ बसला.
"सर, तुमी शिकवलं होतं, अरबस्तानात पाऊस नाई.
सलालात पडते, सर.
तीन महिने झिमझिम. डोंगर हिरवेगार.
उंट चिखलात घसरतेत.
मी तेथी खिडकीत बसून म्हणो,
सरांले सांगा लागते."

हे बराच वेळ बोलले नाहीत.
सदतीस वर्षं खडूनं काढलेलं वाळवंट
यांच्या डोळ्यांपुढं भिजत असावं.
मग ती मधली रिकामी जागा
यांनी तर्जनीनं भातानं भरली,
किनारा काढला, आखात काढलं,
सवयीनं उत्तर दिशेचा बाण.
"दाखव."
इकरामनं माझ्या बाजूचा एक बेदाणा उचलला,
पार खाली, काठावर ठेवला.
"इथी, सर."
"बरोबर," हे म्हणाले.
आवाज तोच, उत्तरपत्रिका परत देतानाचा.

तेवढ्यात लाइन आली.
कारंजं दोनदा खोकललं, गढूळ थुंकलं,
मग उभं राहिलं. तुषार सिंचनाची तोटी ती,
फिरत फिरत सगळ्यांवर शिंतडली.
पोरी ओरडत उठल्या.
हे हलले नाहीत, दोन्ही हात
नकाशावर धरून बसले.

तो बेदाणा मी घरी जायच्या आधी खाल्ला.
गोड होता. थोडा ओला.