पुढची ओळ

उद्या संडे स्कूलला माझी पाळी.
पाळक भांबळांनी चिठ्ठी दिली आहे :
'धडा – आईबाप आणि मुलं. सोपं करून सांगा.'

सोपं.

ऐरोली, शनिवार, रात्रीचे साडेदहा.
खिडकीबाहेर हाय टेन्शनच्या तारा गुणगुणताहेत,
रबाळ्याकडून येणाऱ्या वाऱ्याला आज औषधाचा वास आहे.
आतल्या खोलीचं दार बंद.
तिर्सानं ते आपटलं नाही, हळूच लावलं.
आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मी एवढंच म्हणालो होतो की –
नको. ते इथं लिहिण्यासारखं नाही.
आवाजही माझा नव्हता.
अण्णांचा होता,
एकोणनव्वद सालचा, दिघ्याच्या चाळीतला.

अण्णा फिटर.
पँटच्या मागच्या खिशात कायम फूटपट्टी,
पोलादी, कंपनीतनं आणलेली, परत न केलेली.
वाढदिवसाला ती माझ्या डोक्यावर आडवी,
चौकटीवर रेघ : 'पाऊण इंच. बरं.'
बाकीचे दिवस ती तळहातावर.
आणि रात्री प्रार्थनेला
त्याच हातांनी ते वचन काढायचे :
मुलांनी आज्ञेत राहावं, आईबापांचा मान राखावा –
एवढं वाचून थांबायचे.
पान तिथंच संपायचं.
मी आमेन म्हणायचो,
सुजलेले तळवे एकमेकांना न लावता.

आज धड्यासाठी त्यांचीच प्रत घेतली.
पाठीला काळी चिकटपट्टी, आत जुनं लाइट बिल,
आईचा बाप्तिस्म्याचा दाखला.
पान उलटलं.

पुढची ओळ मला ठाऊक होती म्हणा,
प्रवचनांत कितीदा ऐकली होती.
अण्णांच्या तोंडून कधीच नाही.
ती ओळ बापांसाठी आहे :
लेकरांना इतकं डिवचू नका
की त्यांचं मन विझून जाईल.

तिच्याखाली पेन्सिलीची रेघ.
नुसत्या हातानं नव्हे, पट्टी लावून ओढलेली.
फिटरची रेघ, कुठंही न हललेली,
फक्त शेवटाला टोक रुतून
कागद फाटलाय.
समासात तारीख : १२/९/८९.

तो दिवस मला आठवतो.
दुसऱ्या दिवशी मला शाळेत पाठवलं नव्हतं.
संध्याकाळी अण्णांनी खारीची दोन पाकिटं आणली
आणि घरात कुणी काही बोललं नाही.

गेल्या वर्षी वर्गातल्या एका पोरानं विचारलं होतं,
'सर, आम्ही मोठ्यांचं ऐकायचं. मोठ्यांनी कुणाचं?'
देवाचं, मी म्हणालो.
'म्हणजे त्यांना कुणी ओरडत नाही.'
भाड्याच्या हॉलमध्ये सगळे हसले. मीही.

बाहेरच्या खोलीत अण्णा
टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघताहेत.
एक्क्याऐंशी वर्षांचे. डावा कान गेलाय.
विचारावं का,
ही रेघ देवाला दाखवायला होती की मला,
आणि एक पान उलटायला
इतकं जड का गेलं?

विचारलं नाही.
तेच मान वळवून म्हणाले,
'पोरगी जेवली का?'
'नाही.'
'मग तू काय वाचत बसलायस?'

ताट वाढलं.
भाजीतलं वांगं बाजूला काढलं, तिला आवडत नाही.
दारावर टकटक केली,
माझ्याच घरात, पहिल्यांदा,
आत येऊ का असं विचारून.

आतला कटरचा आवाज थांबला.
प्रोजेक्टचा पुठ्ठा कापत असणार,
अण्णांच्याच पट्टीनं;
तिचे पहिले तीन आकडे केव्हाच पुसले गेलेत.

'तिर्सा, चूक माझी होती.'

आत काहीतरी सरकलं. खुर्ची असेल.
मी ताट दुसऱ्या हातात घेतलं.
वरण निवत होतं.