जिभेखाली दहा मिनिटं

गजभिये सिस्टर गोळी चुरून देतात,
जिभेखाली.
मग दहा मिनिटं बाकावर, तोंड मिटून.
गिळायचं नाही, बोलायचं नाही.
मेडिकलच्या मागच्या या खोलीत
सकाळी दहालाच अंग भाजतं
आणि आम्ही सात जण
मौन धरल्यासारखे.
आधी आठ होतो. इश्तियाक
सोमवारपासून आला नाही.
त्याचं विचारायला
तोंड कोणाचंच मोकळं नसतं.

गोळीबार चौकात म्हणतात, पराते सुधरला.
खरंय. हातपाय ओढत नाहीत आता,
बहिणीच्या पर्समधले पैसे
पर्समध्येच राहतात.
फक्त पोह्यांवर तर्री ओततो
आणि ती नुसती लाल दिसते.
भाची दहावी पास झाली, तेव्हा
पेढा हातात धरून मी आठवत होतो
की अशा वेळी चेहऱ्याचं काय करतात.

मी कूलरवाला माणूस.
पंखा फिरतो, मोटर ठणठणीत,
गिऱ्हाईक म्हणतं, चालू तर आहे ना भाऊ!
पण पाणी वर चढत नसलं
की वाळल्या गवतातून झळच येते घरात.
तसं.
याहून नीट मला सांगता येत नाही.

आज समुपदेशक बाई नवीन. घाईत असाव्यात,
गोळी विरघळायच्या आतच कागद काढला:
गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस?
बोटांनी सांगा, शून्य ते तीन.
झोप लागत नाही? तीन.
कशातच मन रमत नाही? तीन.
घरच्यांना आपण भार झालो, असं?
हात खाली घेतलाच नव्हता मी.
नववा प्रश्न त्यांनी हळू वाचला.
कागद उडाला, कोपराने दाबला.
माझा हात आता मांडीवर,
दुसऱ्या कुणाचा ठेवल्यासारखा.
मग दोन बोटं वर झाली.

बाईंनी लिहिलं नाही.
पेनाला टोपण लावलं, खुर्ची ओढली,
म्हणाल्या, विरघळू द्या. मी बसते.

चार मिनिटं असतील.
मोबाईल दोनदा वाजला त्यांचा,
उलटा करून ठेवला.

तोंड मोकळं झालं तेव्हा
एवढं साचलेलं, अन् बाहेर काय आलं तर,
'तुमच्या कूलरचा पंप कोरडा फिरून रायला, मॅडम.
जळंल.'
'मग?'
'उद्या पाना आणतो.'
बाकीचं त्याच्या मागून निघालं, गाळासारखं.
पाऊण तास लागला.

घरी येऊन पाना शोधला.
गंजलाय.
वाटीभर तेलात बुडवून ठेवलाय
खिडकीत.