नवव्या मजल्यावरचं बीळ

नोमिननं काचेच्या पेटीतून दोन उंदीर आणले.
उंदीर नाहीत आई, जर्बिल आहेत, ती म्हणाली
आणि किंमत सांगितली. मी पुन्हा विचारली.
एवढ्या पैशात माझ्या आईनं एक करडू घेतलं असतं,
वर दोरी मागून घेतली असती.

सासरे खिडकीपाशी बसले होते.
झुदच्या हिवाळ्यात मेंढ्या उभ्या उभ्या गोठल्या, तीनशे,
तेव्हापासून ते आमच्याकडे आहेत, उलानबातरला,
एक उशी, एक रेडिओ
आणि खाली कोळशाच्या धुरात बुडालेलं शहर.
त्यांनी पेटीकडे पाहिलं. मग नातीकडे.
"हे विकत घेतात?"
"हो आजोबा."
"कोण?"

नोमिनला ठाऊक नव्हतं, मला होतं:
त्यांचा पिवळसर घोडा, भरधाव,
आणि गवतात न दिसणारं मुठीएवढं बीळ.
पुढचा पाय. सुकी काटकी मोडावी तसा आवाज.
पुढचं काम त्यांनी स्वतः केलं,
भावाला सुरी धरू दिली नाही.
त्याच्याही आधी, पोरवयात,
बिळांत पाणी ओतायचे हे सगळे
आणि बाहेर येईल त्याच्यासाठी काठी तयार.

आता तेच आमच्या घरात
सूर्यफुलाचं बी दोन्ही हातांत धरून खातात,
नव्या सोयरिकीत जेवायला बसल्यासारखे, जपून.

रात्री मात्र खरवड.
डावा कोपरा. काच. खर् खर् खर् खर्,
तास, दोन तास, माझ्या झोपेच्या मुळाशी,
आणि मला पहाटे चारला बेकरीत जायचं असतं.
नोमिननं वाळूची वाटी ठेवली, फिरतं चाक ठेवलं,
पुठ्ठ्याच्या नळ्या ठेवल्या, त्यांचा सकाळपर्यंत भुगा.
कोपरा काही सुटेना.
दुकानदार म्हणाला, सवय आहे, जाईल.
त्याच्या दुकानात रात्री कोण झोपतं?

पाचव्या रात्री उठले तर सासरे पेटीपाशी,
गुडघे टेकलेले, दिवा न लावता.
"खणायची हौस नाही यांना," ते म्हणाले,
जणू मी बराच वेळ तिथंच उभी होते.
"कुठंतरी अंधारात पोचायचंय. इथं पोचायला जागाच नाही."

सकाळी त्यांनी पलंगाखालून नमद्याचा जुना बूट काढला.
तळवा कापला, घोट्यात वाकवला,
दुधाच्या पावडरीच्या डब्याला तोंड शिवलं
चामड्याच्या दोऱ्यानं, लगाम शिवतात त्या टाक्यानं.
नोमिन म्हणाली, सरळ ठेवू या, आतलं दिसेल.
"दिसू नये म्हणून तर. सरळ बिळात उजेड मागोमाग येतो.
एक वळण लागतं."
पण आजोबा, ते कुरतडतील बूट.
"कुरतडू देत. दुसरा आहे."

त्या रात्री मला जाग आली ती शांततेनं.
कोपऱ्यात कुणी नव्हतं. काचेवर जुने ओरखडे,
धुक्यासारखे, कुणीतरी पुसायला विसरल्यासारखे.
सासरे खोकले, नेहमीचा तो कोळशाचा खोकला,
आणि डब्याच्या आतून
मागच्या पायांनी ठोकल्याचा आवाज आला,
धप् धप् धप्, घाईघाईनं, मग दुसऱ्याचा, जरा उशिरा.

"काय झालं त्यांना?" मी विचारलं.

अंधारात ते हसले की खोकले, सांगता येणार नाही.
"माझ्याबद्दल सांगतायत एकमेकांना," ते म्हणाले.
"बरोबरच सांगतायत."

उरलेला एक बूट आता दाराशी असतो.
पहाटे चारला मी त्याला अडखळते,
शिवी पुटपुटते
आणि तो तिथंच राहू देते.